हातून

मंडळी, नमस्कार.

परवा घरात फुलदाणी फुटली. धावत गेलो, तर तुकड्यांशेजारी नात उभी. सरळ म्हणाली, "आजोबा, मी फुलदाणी फोडली." माझा आवाज चढला. "फोडलीस? का फोडलीस?" तिला प्रश्नच कळेना. हात ओला होता, फुलदाणी निसटली होती. रडू लागली.

रात्री उलगडा झाला. पोर खरंच बोलली होती, फक्त इंग्रजीच्या वळणाने. तिथे निसटली काय, आपटली काय, क्रियापद एकच. आपल्याकडे फुटणं वेगळं, फोडणं वेगळं. पडणं वेगळं, पाडणं वेगळं. आणि या दोन्हींच्या मधोमध उभं असतं "माझ्या हातून फुटली". हात माझाच, पण मनात नव्हतं. कबुलीही आली, खुलासाही आला. तोंडून शब्द जातो, कुणाला पाय लागतो, तेही असंच.

सिंहली भाषा आपल्याच कुळातली. चुकून काही फुटलं तर तीही 'अतिन्' म्हणते, म्हणजे हातूनच. वर क्रियापदाचं रूपसुद्धा बदलते. मलेशियातल्या मलय भाषेत 'तिदुर' म्हणजे झोपणं आणि 'तर्तिदुर' म्हणजे न ठरवता डोळा लागणं.

हा नुसता व्याकरणाचा बारकावा नाही. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच अपघाताची हकीकत दोन तऱ्हांनी लिहून इंग्रजी वाचकांना दिली: एकीत एका बाईंनी कापड पेटवलं, दुसरीत कापड पेटलं. पहिली वाचणाऱ्यांनी बाईंना जास्त दोषी धरलं, भरपाईही जास्त लावली. एवढ्याशा फरकाने!

आता थोडं रागावतो. बोलताना पोरांकडून शब्दाचं लिंग चुकलं की आपण चारचौघांत सुधारतो. पण घरातलं आपलं बोलणं ऐका. आपल्याकडून पेला पडला की "अरे, पडला!" आणि पोराकडून पडला की "पाडलास ना!" 'फुटलं' आपल्यासाठी राखून ठेवायचं आणि 'फोडलंस' त्यांच्या पदरात टाकायचं. मग 'हातून' त्यांच्या कानावर पडणार कधी?

दुसऱ्या दिवशी नातीला जवळ घेतलं, माझं चुकलं म्हणालो, आणि "माझ्या हातून फुटली" म्हणायला शिकवलं. तिने दोनदा घोकलं. मग तळहात उलटासुलटा करून बघत विचारलं, "पण आजोबा, हात तर मीच आहे ना?"

तेव्हापासून मी उत्तर शोधतो आहे.