सेमूरच्या जंगलातले वाडगे

कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराच्या उत्तरेला सेमूर नदीचं खोरं लागतं. हे जंगल अस्सल जुनं नाही. इथली अवाढव्य झाडं शंभर वर्षांपूर्वीच तोडली गेली. नीट पाहिलं तर शेवाळलेले बुंधे अजून दिसतात.

2004 मध्ये रॉबर्ट मकल या पुरातत्त्वज्ञांनी विद्यार्थ्यांना घेऊन इथे खोदायला सुरुवात केली. वर दिसत होते जुने डबे आणि करवतीचं एक पातं. लाकूडतोड्यांची छावणी असणार, एवढाच अंदाज होता. मग मातीतून भाताचे वाडगे निघाले. जपानी बनावटीचे. साके या जपानी तांदळाच्या दारूच्या बाटल्या निघाल्या, चहाच्या किटल्या, सदऱ्यांची बटणं... हजाराहून अधिक वस्तू.

1920 च्या आसपास इथलं लाकूड तोडत होते एइकिची कागेत्सू. मूळचे जपानमधल्या वाकायामाचे, 1906 मध्ये कॅनडात आलेले. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे व्हँकूव्हर ज्या प्रांतात आहे तिथे, जपान्यांना मत देता येत नव्हतं, आणि सरकारी जंगलात त्यांना कामाला लावायलाही मनाई होती. तरी या माणसानं लाकडाच्या धंद्यात पाय रोवले.

पण मला इथे थांबायचंय ते न्हाणीघरापाशी. पाण्याच्या हौदाजवळ एक उंच ओटा सापडला. तिथे न्हाणीघर असावं, असं मकल सांगतात. जपानी रीत अशी, की अंग आधी बाहेर स्वच्छ धुवायचं आणि मगच कढत पाण्यात गळ्यापर्यंत उतरायचं. दिवसभर पावसात करवत ओढून आखडलेले खांदे तिथे सैल होत असतील. जवळच भाजीपाल्याची बाग होती, लहान लहान घरं होती. मुकादमानं तंबू ठोकून दिले आणि मजूर आले-गेले, असा हा तळ नव्हता. इथे संसार होते.

कागेत्सूंनी पुढे व्हँकूव्हर बेटावर बस्तान हलवलं. काही कुटुंबं मात्र इथेच राहिली असावीत, कदाचित 1942 पर्यंत, असं मकल यांना वाटतं. त्या वर्षी, दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू ठरल्यावर, कॅनडा सरकारनं किनारपट्टीवरच्या जपानी वंशाच्या सुमारे 22,000 लोकांना घराबाहेर काढलं. त्यातले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. कागेत्सूंची कंपनीही सरकारनं ताब्यात घेतली.

वस्तीच्या कडेला एका बुंध्याआड महागड्या चुलीचे सुटे भाग मिळाले. लपवून ठेवलेले. युद्ध 1945 मध्ये संपलं, पण किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली 1949 च्या एप्रिलमध्ये.