हरिकेन आणि आपलं घर: छप्पर, खिळे आणि गॅरेजचं दार

(फ्लोरिडातल्या टँपा भागातल्या मराठी मंडळींसमोर हरिकेनच्या, म्हणजे चक्रीवादळांच्या, सीझनच्या तोंडावर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. प्रोजेक्टर बिघडलाय त्यामुळे पीपीटी नाही, फक्त ही एक लोखंडी पट्टी आणलीये, ती फिरवायला देतो, कडा धारदार आहेत तेव्हा पोरांच्या हातात नको. ह्याला हरिकेन स्ट्रॅप म्हणतात. छपराचा ट्रस, म्हणजे लाकडी सांगाडा, आणि खालची भिंत ह्यांना ही पट्टी बांधून ठेवते, विशेष काही नाही, दुकानात किरकोळ पैशात मिळते. तिला भोकं आहेत ती खिळ्यांसाठी. मी लोकांच्या अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्स्पेक्शनला चढतो तेव्हा कैक वेळा असं दिसतं की पट्टी आहे पण खिळा एकच, बाकी भोकं रिकामी, म्हणजे लावणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई होती आणि त्याच्या घाईचे पैसे आता तुम्ही इन्शुरन्सच्या प्रीमियममध्ये भरताय.

आता ही पट्टी लागते कशाला ते आधी. आपल्याला वाटतं वारा घराला ढकलतो आणि घर आडवं होतं. ढकलतो तो, पण छपराच्या बाबतीत मुख्य काम तो उचलायचं करतो. वारा छपरावरून वेगाने गेला की वर दाब कमी होतो, आतला दाब खालून रेटतो आणि अख्खं छप्पर वर ओढलं जातं, पावसात छत्री उलटी होते ना तेच. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ७५ मैलांचा वारा दीडशेवर गेला की वेग दुप्पट पण जोर चौपट. त्यामुळे छपराचं प्लायवूड ट्रसला, ट्रस भिंतीला आणि भिंत पायाला, अशी सगळी साखळी वरून खालपर्यंत धरलेली पाहिजे, मधली एक कडी जरी कच्ची असली तरी सुटायला तिथूनच सुरुवात होते.

हे सगळं फ्लोरिडाला शिकवलं अँड्र्यू नावाच्या वादळाने. २४ ऑगस्ट १९९२, पहाटेची वेळ, मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडच्या बाजूने वादळ आत आलं. तेव्हा ते कॅटेगरी ४ (हा वादळाचा १ ते ५ मधला दर्जा) धरलं होतं, दहा वर्षांनी पुन्हा डेटा तपासून ५ केलं. डेड (Dade) काउंटीत, म्हणजे मायामीच्या जिल्ह्यात, पंचवीस हजारांवर घरं पार गेली, लाखभर घरांचं नुकसान झालं. अँड्र्यू लहान वादळ होतं बरं का, घेर कमी, पाऊसही फार नाही, जे काही केलं ते मुख्यतः वाऱ्याने. नंतर इंजिनिअर लोक ढिगाऱ्यातून फिरले तेव्हा त्यांना दिसलं की प्लायवूडचे तक्तेच्या तक्ते सुटून गेलेत आणि ते बसवलेले स्टेपलने, खिळ्यांनी नाही. गनने फटाफट स्टेपल मारत जायचं, खाली ट्रस आहे की नाही बघायचं नाही, त्यामुळे काही ठिकाणी स्टेपलची अख्खी रांग लाकडाच्या बाजूने हवेत गेलेली. वरून डांबरी शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे पातळ तुकडे, टाकले की कुणाला काय दिसतंय! आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पण कितीतरी जुनी घरं टिकली आणि ऐंशीच्या दशकातली नवीकोरी घरं उघडी पडली, कारण तेव्हा बांधकामाचा धडाका होता, इन्स्पेक्टर कमी आणि घरं ढीगभर. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ह्या गरजूंना घरं बांधून देणाऱ्या संस्थेची घरं तिथे चांगली टिकली. ती हौशी स्वयंसेवकांनी बांधलेली, सुताराच्या हिशोबाने तीन खिळे पुरेत तिथे ह्यांनी भीतीपोटी जास्तच ठोकले आणि तेच कामाला आलं.

दुसरी गोष्ट, घराची भोकं. खिडकी फुटली की वारा आत येतो, आतून छपराला वर रेटतो आणि बाहेरून वारा ओढतच असतो, दोन्ही एकाच दिशेला. सगळ्यात मोठं भोक कुठलं? गॅरेजचं दार. दोन गाड्यांचं सोळा फुटी पातळ पत्र्याचं दार, ते एकदा आत वाकलं की पुढचा कार्यक्रम छपराचा. अँड्र्यूत हे घराघरांत झालेलं आहे. आणि अजून लोक विचारतात की वादळात एक खिडकी थोडी उघडी ठेवायची का, दाब समान होतो म्हणे. अजिबात नाही! सगळं घट्ट बंद, आतली दारंसुद्धा बंद. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत पण सोडा आता, त्याने काच वाचत नाही, उलट मोठे तुकडे होऊन उडतात, आणि पट्टीचा गोंद काढता काढता दिवाळी येते.

अँड्र्यूनंतर साउथ फ्लोरिडाचा कोड, म्हणजे बांधकामाचे नियम, १९९४ मध्ये कडक झाला आणि २००२ पासून अख्ख्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. इम्पॅक्ट ग्लासची, म्हणजे आघात सोसणाऱ्या काचेची, टेस्ट यूट्यूबवर जरूर बघा, नऊ पौंडाचा टू-बाय-फोरचा लाकडी सोट तोफेतून सेकंदाला ५० फुटांनी काचेवर मारतात, काच तडकली तर चालते पण भोक पडता कामा नये, आणि नंतर तीच तडकलेली काच हजारो वेळा दाबाने आतबाहेर हलवतात. मग १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली आलं. जुन्या लोकांना आठवत असेल, ते टँपाला येणार म्हणून इथून सगळे पळाले आणि ऐन वेळी उजवीकडे वळून ते पुंता गोर्डावर गेलं. तिथे नव्या कोडची घरं आणि जुनी घरं एकाच गल्लीत होती, फरक रस्त्यावरून दिसत होता.

पण आपल्याकडे नियम आला की पळवाट येते, आणि हे फक्त भारतात होतं असं समजू नका. नव्या कोडमध्ये पॅनहँडलला, म्हणजे फ्लोरिडाच्या वायव्येकडच्या पट्ट्याला, सूट दिली गेली, किनाऱ्यापासून मैलभर सोडलं की आत शटर किंवा इम्पॅक्ट ग्लासची सक्ती नाही, कारण काय तर बिल्डरचा खर्च वाढतो. ती सूट २००७ मध्ये काढली, पण मधल्या काळात घरं बांधून झाली होती. मग १० ऑक्टोबर २०१८ ला मायकल नेमकं तिकडेच आलं, ताशी १६० मैल. तिथल्या मेक्सिको बीच ह्या गावाचे वरून काढलेले फोटो बघितले असतील तुम्ही, सगळं सपाट आणि मध्ये एक घर धडधाकट उभं. ते काँक्रीटचं, वाळूत खोल गेलेल्या खांबांवर चढवलेलं आणि कोडपेक्षा कितीतरी जास्त वाऱ्यासाठी डिझाइन केलेलं. त्याच्या जिन्याची आणि तळमजल्याची मोडतोड झाली, पण तो खालचा भाग तुटण्यासाठीच बांधलेला होता. ह्याच्याकडे येतो आता, कारण खरा विषय पाणी आहे.

बघा, आपण टीव्हीवर कॅटेगरी ऐकतो आणि ठरवतो की थांबायचं का निघायचं. ती स्केल बनवणारे दोघे, सॅफिर हे इंजिनिअर आणि सिम्पसन हवामानवाले. तो आकडा फक्त वाऱ्याचा आहे, पाणी किती चढेल ते त्यात नाही. २००८ चं आईक कॅटेगरी २ होतं, नुसतं २, आणि टेक्सासच्या बोलिव्हर पेनिन्सुलावर समुद्र पंधरा-वीस फूट चढला, गिलख्रिस्ट नावाचं गावच्या गाव साफ झालं. कतरिना २९ ऑगस्ट २००५ ला किनाऱ्याला लागलं तेव्हा ५ वरून ३ वर उतरलेलं होतं आणि मिसिसिपीत पास ख्रिश्चनला उधाण जवळपास २८ फूट. तिथली कितीतरी माणसं निघाली नाहीत, कारण १९६९ चं कमील वादळ त्यांनी पाहिलेलं, तेव्हा आमच्या दारापर्यंत पाणी आलं नव्हतं तर आता काय येतंय, असा हिशोब. आणि आपलं हेलेन, सप्टेंबर २०२४, इथून शंभर मैल लांबून समुद्रातूनच वर गेलं, जमिनीला लागलं ते उत्तरेला बिग बेंडच्या किनाऱ्यावर, तरी टँपा बेमधल्या पाणी मोजणाऱ्या यंत्रांवर नोंदी सुरू झाल्यापासून कधी चढलं नव्हतं एवढं पाणी चढलं. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा ओला सोफा रस्त्यावर काढून ठेवलाय, मला सांगायची गरज नाही.

पाण्याशी भांडता येत नाही, त्याच्यापेक्षा वर जायचं किंवा त्याला वाट द्यायची. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनने हे अख्ख्या शहराला केलं. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात तिथे सहा ते बारा हजार माणसं गेली असं मानतात, अमेरिकेतली तीच सगळ्यात मोठी नैसर्गिक जीवितहानी. त्यानंतर त्यांनी सतरा फूट उंचीची सी-वॉल, म्हणजे समुद्र अडवणारी भिंत, बांधली, पण पुढचं काम मला जास्त भारी वाटतं, त्यांनी शहराची जमीनच वर उचलली. दोन हजारांवर इमारती जॅकवर चढवल्या, हाताने फिरवायचे स्क्रू जॅक, सगळ्यांनी एकाच वेळी थोडं थोडं फिरवायचं, आणि उचललेल्या घराखाली समुद्रातून उपसलेली वाळू-पाण्याची लापशी सोडायची, पाणी निथळून वाळू बसू द्यायची. विटांचं एक अख्खं चर्च असं उचललं, काहीशे जॅक लावून! वर्षानुवर्षं लोक उंच फळ्यांच्या पुलांवरून घराघरांत जात-येत होते. १९१५ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं आणि शहर वाचलं.

आपल्याला शहर उचलायचं नाहीये, पण किनाऱ्यालगत घर घेताना दोन गोष्टी बघा. एक, राहायचा मजला किती उंचीवर आहे, त्याचं एलिव्हेशन सर्टिफिकेट मागा आणि ब्रोकरच्या 'इथे कधी पाणी आलं नाही' वर जाऊ नका. दोन, खांबांमधल्या भिंती. लाटांच्या पट्ट्यात त्या सुटून जातील अशाच लावतात, पाणी भिंत घेऊन जाईल पण खांब आणि वरचं घर राहील. लाटा नसलेल्या ठिकाणी निदान फ्लड व्हेंट, म्हणजे भिंतीतले झरोके, हवेत, म्हणजे पाणी आत शिरून बाहेरचा दाब फिटतो. ते व्हेंट पाली येतात म्हणून सील करणारे लोक मी बघितलेत, हसू नका, इथल्या गर्दीतही असतील.

इन्शुरन्सचं पटकन सांगतो. होमओनर्स पॉलिसीत फ्लड, म्हणजे पुराचा विमा, नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि एनएफआयपी ह्या सरकारी पूर-विमा योजनेची पॉलिसी घेतल्यावर साधारणपणे ३० दिवसांनी चालू होते, म्हणजे वादळाला नाव पडल्यावर फोन करून उपयोग नाही. घराला अडीच लाख डॉलर कमाल, सामानाला एक लाख. आणि पन्नास टक्क्यांचा नियम, घराच्या किमतीच्या, जमिनीची धरून नव्हे बरं का, निम्म्याहून जास्त दुरुस्ती निघाली तर जुनं घर जसंच्या तसं दुरुस्त करू देत नाहीत, आजच्या नियमाप्रमाणे उंच करा म्हणतात. हेलेननंतर पुष्कळ लोक इथेच अडकले.

मगाशी एका काकूंनी कोकणातल्या घराचं विचारलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात आलं, वारा फ्लोरिडाच्या मानाने कमी, ताशी ११०-१२० किलोमीटर, तरी दापोलीपर्यंत पत्रे आणि कौलं उडाली, सुपारीच्या बागा झोपल्या. सुपारी पुन्हा धरायला वर्षं जातात, त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. घराचं सांगतो. पत्र्याला नुसते खिळे नकोत, जे-हुक आणि रुंद वॉशर हवेत, कडेला आणि कोपऱ्यात जास्त, कारण उचल तिथेच सगळ्यात जास्त बसते. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, पडवी उडाली तर तिने माजघराचं छप्पर ओढून नेऊ नये. आणि वासे भिंतीला पट्टीने बांधून घ्या, गावातला वेल्डर करून देईल.

इथे पैसे कुठल्या क्रमाने घालायचे ते विचाराल तर माझं मत, पहिलं गॅरेजचं दार, एक तर बदला किंवा निदान ब्रेसिंग किट, म्हणजे आतून आधार देणारं सामान, लावा. मग खिडक्यांना शटर, इम्पॅक्ट ग्लास परवडत नसेल तर पॅनेल चालतात, फक्त ती बसवायची रंगीत तालीम मे महिन्यात करा, नटबोल्ट कुठे ठेवलेत तेच सापडत नाहीत लोकांना. छप्पर बदलायची वेळ येईल तेव्हा शिंगल काढल्यावर प्लायवूड उघडं असतं, तेव्हाच रिंग-शँक (अंगावर कडीसारख्या खाचा असलेले) खिळे मारून घ्या आणि सांध्यांवर चिकटणारी पट्टी लावून घ्या, शिंगल उडाले तरी पाणी आत येत नाही. त्या वेळी रूफर शंभर कारणं सांगेल, तुम्ही स्वतः उभे राहून फोटो काढा. विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन, म्हणजे घर वाऱ्याला किती तयार आहे त्याची तपासणी, करून घेतलं की प्रीमियम कमी होतो, आणि राज्याच्या माय सेफ फ्लोरिडा होम योजनेत पैसे शिल्लक असतील तेव्हा पात्र घरांना इन्स्पेक्शन फुकट आणि अनुदानही मिळतं, तुमच्या एका डॉलरला त्यांचे दोन, दहा हजारांपर्यंत.

गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर किती दाबासाठी पास झालंय ते लिहिलेलं असतं. आज घरी गेल्यावर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका. स्टिकरच नसेल तर दाराचाच फोटो टाका, पण गुड मॉर्निंगच्या मेसेजमध्ये तो हरवायला नको.