नाकातच व्हायरस अडवता आला तर?

नमस्कार मंडळी, थंडी पडली की आपल्या नागपुरात सीताबर्डीपासून महालापर्यंत जिकडेतिकडे शिंका सुरू होतात, त्यात अधिवेशनाची गर्दी, अन् घरात एकाला सर्दी झाली की आठवडाभरात सगळेच आडवे. त्या घरात दमेकरी आजी असली नं, तं मग ती सर्दी साधी राहत नाही. म्हणून आज नाकात मारायच्या स्प्रेबद्दल बोलायचंय.

फ्लू म्हणा, कोविड म्हणा, नेहमीच्या सर्दीचा रायनोव्हायरस म्हणा, हे बहुतेक वेळा आधी नाका-घशातच वाढतात, कोविड तर लक्षणं दिसायच्या आधीच पसरायला लागतो, अन् आपण तेव्हा खुशाल मेट्रोत खेटून उभे असतो. दंडातली लस आजार गंभीर होऊ देत नाही, ती घ्याच, पण नाकाच्या आतल्या अस्तरावर तिचा जोर कमी पडतो. मग औषध थेट तिथंच मारलं तर? हा विचार जुनाच आहे. 1980 च्या दशकात इंटरफेरॉनचा, म्हणजे व्हायरसशी लढायला आपलं शरीरच बनवतं त्या प्रथिनाचा, स्प्रे करून पाहिला, रायनोव्हायरसची सर्दी टळायची पण बरेच दिवस मारला की नाकातून रक्त यायचं, त्यामुळं ते मागं पडलं.

2025 मध्ये जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. 450 निरोगी लोक, 56 दिवस, रोज तीनदा स्प्रे. औषध होतं अझेलास्टिन, आपल्याकडं अॅलर्जीला देतात तेच. औषधाचा स्प्रे मारणाऱ्यांपैकी 2.2 टक्के लोकांना कोविड झाला, औषध नसलेला स्प्रे मारणाऱ्यांत 6.7 टक्के. मला यात खरंच आशा दिसते, पण एकाच ठिकाणचा अभ्यास आहे हो, डॉक्टरांना न विचारता उद्यापासून सुरू नका करू.

अन् एक घोळ फार होतो. नाक चोंदलं की मेडिकलमधून जे नाक मोकळं करायचे ड्रॉप आणतो त्यानं व्हायरस मरत नाही, सूज तेवढी उतरते, अन् आठवड्याच्या वर टाकत राहिलं तर नाक उलट जास्तच चोंदतं.

साध्या मिठाच्या पाण्याचा, म्हणजे सलाईनचा स्प्रे मात्र स्वस्तातला आहे. ब्रिटनमध्ये 13 हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, 2024 मध्ये छापला, त्यात घसा खवखवताच ज्यांनी तो मारायला घेतला त्यांचे आजारपणाचे दिवस साधारण आठवरून साडेसहावर आले. बाटली मात्र ज्याची त्यानंच वापरायची, अख्ख्या घरात एकच फिरवायची नाही, अन् शिंका सुरू झाल्या की आजीच्या खोलीत जाताना मास्क लावायचाच.