उतरता सूर्य, चढता किरण

प्रकाश कमीत कमी वेळेची वाट कशी धरतो, हा आजचा जाहीर केलेला विषय आहे आणि मी तिथे पोहोचणारच आहे. परंतु कोल्हापुरात प्रकाशावर बोलायचे आणि अंबाबाईचा किरणोत्सव वगळायचा, हे मला जमणारे नाही.

अकरावीत असताना मी आजीबरोबर नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला गेलो होतो. पश्चिमेकडून महाद्वारातून आलेली मावळतीची तिरीप फरशीवरून सरकत गाभाऱ्यात शिरली, चरणांवर आली आणि वर चढू लागली. आजीने विचारले, “सूर्य खाली उतरतोय नि किरण वर चढतोय, हे कसं रं?” प्रकाशाचे प्रकरण मला तोंडपाठ होते, अगदी आरशाच्या सूत्रातल्या चिन्हसंकेतांसकट, तरीही मी गप्प राहिलो. महाद्वाराच्या वरच्या कडेवर एक लांब सरळ काठी तोलली आहे असे समजा: बाहेरचे टोक खाली गेले की आतले टोक वर येणारच. प्रकाश सरळ रेषेत जातो, या वाक्याचा अर्थ मला त्या काठीने शिकवला, पण तो बऱ्याच वर्षांनी.

हा सोहळा १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारीच्या आगेमागे, असा वर्षातून दोनदा का होतो, हेही पाहण्यासारखे आहे. या दोन्ही तारखा २२ डिसेंबरपासून, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या दिवसापासून, जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर असतो आणि क्षितिजावर त्याच जागी मावळतो.

आता माझी जुनी तक्रार. ‘सूर्यकिरण समांतर असतात’ हे वाक्य आपण इतक्या बिनधास्तपणे फळ्यावर लिहितो की सूर्य ठिपका नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, याचा विसरच पडतो. या रुंदीमुळे १०० मीटर अंतरावरच्या कडेची सावली जवळजवळ ९३ सेंटीमीटर पट्ट्यात धूसर होते. किरण हनुवटीपर्यंत आला की कपाळापर्यंत, यावर दरवर्षी पेठांतून वाद रंगतात. माझ्या मते दोन्ही बाजूंना सारखेच गुण द्यावेत, कारण मुळात कडच अस्पष्ट आहे.

अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे सरकवले आहे, तेव्हा मूळ विषय थोडक्यात सांगतो. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६६२ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की दोन बिंदूंमध्ये प्रकाश कमीत कमी वेळेच्या मार्गाने जातो. (काटेकोर विधान थोडे निराळे आहे; काही आरशांत तो वेळ कमीत कमी नसतोही.) डांबरी रस्त्यावरून पलीकडच्या वस्तीवर जाताना मध्ये उसाचे ओले रान लागले, तर शहाणा माणूस रस्त्यावर थोडे जास्त चालून चिखलातले अंतर कमी करतो. हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाश नेमके हेच करतो, कारण पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाखांवरून सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा स्नेलचा नियम या हिशेबातूनच निघतो.

हवाही वर विरळ आणि खाली दाट असते. त्यामुळे मावळतीचा प्रकाश विरळ थरांतून जास्त अंतर काटतो आणि मग खाली वळून आपल्यापर्यंत येतो. क्षितिजाशी हे वळण सुमारे ३४ कलांचे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि सूर्याची तबकडी ३२ कलांची. म्हणजे सपाट क्षितिजाला नुकताच टेकलेला जो सूर्य आपण पाहतो, तो हवा नसती तर आधीच पूर्ण बुडालेला असता. त्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते, म्हणून तो तेव्हा भाकरीसारखा गोल न दिसता बसका दिसतो.