बंदी नेमकी कशावर?

(हमरापूर. साचा उघडतानाचे हात, जवळून.)

साचा ओढून काढायचा नसतो, सोडवायचा असतो. रबराची कड आधी पाठीकडून मोकळी करायची, सोंड आणि कान शेवटी. घाई झाली की कानाची पाळी तुटते.

हे पेण तालुक्यातलं हमरापूर. पलीकडे जोहे, कळवे. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या गावांत ओटीवर, पडवीत, अंगणातल्या मांडवात गणपतीचे कारखाने चालतात. चतुर्थी भाद्रपदातली, पण कामाला सुरुवात कित्येक महिने आधी होते. इथून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती गाड्या भरभरून राज्यभर जातात. परदेशी जाणारा माल तर पावसाळ्याआधीच बोटीवर चढवावा लागतो.

(पीओपीचं घमेलं, काथ्या.)

पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, कालवलं की काही मिनिटांतच आवळायला लागतं. तेवढ्यात ते साच्यात फिरवायचं, काथ्या बसवायचा. शाडूचं गणित वेगळं. माती भिजवा, मळा, साच्यात दाबा, मग सावलीत दिवस दिवस वाळवा. ऊन लागलं तर तडा, पावसाळी हवा असली तर ओल हटत नाही. मूर्ती जड, प्रवासात जपावी लागते. वाळल्यावर घासणं, पांढरा हात, अंगाचा रंग, शेला, पितांबर. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती करणारा हात प्रत्येक कारखान्यात नसतो.

(आखणी. निवेदन थांबतं.)

पीओपी पाण्यात लवकर विरघळत नाही, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. नदी स्वच्छ राहावी, याला इथं विरोध नाही. अडचण आहे ती नियमाच्या शब्दांची.

मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पीओपी नको होतं. पण सूचना म्हणजे सल्ला की कायदा? आणि बंदी बनवण्यावर, विकण्यावर की बुडवण्यावर? त्याच महिन्यात केंद्रानं वर्षभराची सवलत दिली. पुढची काही वर्षं पीओपीचे साचे भरले जात राहिले.

30 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं सूचनांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. माघी गणेशोत्सव दोन दिवसांवर होता. मुंबईतल्या काही मंडळांच्या मोठ्या मूर्तींचं विसर्जन महिनोन्‌महिने अडलं.

नंतर पीओपीचा प्रश्न तपासायला शास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जूनमध्ये न्यायालयानं मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला मात्र नाही. जुलैत सहा फुटांवरच्या मूर्तींना मार्च 2026 पर्यंत तीही परवानगी मिळाली. सहा फुटांखालच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावात. ऑगस्टमध्ये पीओपीच्या मूर्तीमागे लाल खूण करायचा नियम आला. चतुर्थी होती 27 ऑगस्टला.

(कच्च्या मूर्तींच्या रांगा.)

जानेवारी ते जून हाच माल भरायचा काळ. त्या महिन्यांत पीओपीची पोती घ्यायची की शाडूची, हे ठरवायला कारखानदाराच्या हाती पक्कं काही नव्हतं. मोठ्या व्यावसायिकाकडे वकील असतो, दोन्ही प्रकारचा माल ठेवायला गोदाम असतं. इथं गोदाम म्हणजे राहत्या घराची मागची खोली. ऑर्डरी अडल्या, उचल घेतलेल्या कारागिरांचे हिशेब लांबले.

(शाडूचा गोळा, साचे.)

शाडूकडे वळायची तयारी इथं आहे, काही घरांनी तो कधी सोडलाही नव्हता. पण वळायचं तर वाळवायला जागा हवी, हात वाढवायला हवेत, आणि दोन हंगाम तरी नियम बदलणार नाही याची खात्री हवी. दिवाळीनंतर पुढच्या वर्षाचे साचे निघतात. त्याआधी एकाच कागदावर सरकारनं लिहून द्यावं: काय बनवायचं, काय विकायचं, किती उंचीपर्यंत, कोणत्या रंगात, आणि विसर्जन कुठं.