दोन डायलिसिसच्या मधले दिवस

(दृश्य : डायलायझर अगदी जवळून, आत लाल होत जाणारे धागे)

हा डायलायझर, डायलिसिस मशीनवरचा रक्त गाळणारा भाग. या नळकांड्यात केसासारखे बारीक, पोकळ असे हजारो धागे आहेत. धाग्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून उलट्या दिशेनं डायलायझेट, म्हणजे डायलिसिसचं द्रावण. किडन्या काम करत नसल्यानं रक्तात पोटॅशियम जास्त, डायलायझेटमध्ये कमी, म्हणून ते धाग्यांच्या भिंतीतून पलीकडे झिरपतं. चार तासांत साधारण 70 ते 100 मिलिमोल निघून जातं.

पण शरीरातलं जवळपास 98 टक्के पोटॅशियम असतं पेशींच्या आत, आणि मशीनचा हात पोचतो फक्त रक्तापर्यंत. सुया काढल्या की पुढच्या काही तासांत पेशींमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा पुन्हा चढू लागतो. डायलिसिस संपल्या संपल्या काढलेल्या रिपोर्टवर म्हणूनच फार खूश होऊ नये.

आठवड्याचे तास 168. मशीनवरचे बहुतेकांचे 12, म्हणजे चार-चार तासांच्या तीन पाळ्या. उरलेल्या वेळात लघवी होत नसेल, तर पोटॅशियमला बाहेर पडायला मुख्य वाट आतड्याची. बद्धकोष्ठता झाली की तीही अडते. डॉक्टर पोट साफ होतं का विचारतात, ते उगाच नाही. सगळ्यात अवघड असते दोन पाळ्यांमधली सलग दोन दिवसांची सुट्टी. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 32 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त आढळले.

(दृश्य : ईसीजीचा कागद सरकतो आहे)

रक्तात पोटॅशियम वाढलं की परिणाम होतो हृदयावर, आणि तो ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींच्या आलेखात दिसतो. प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारी ही टी लहर बघा. उंच, टोकदार. पोटॅशियम आणखी चढलं की ठोक्याच्या सुरुवातीची पी लहर सपाट होते, मधला क्यूआरएस हा उंच भाग रुंदावतो. रुग्णाला मात्र कधीकधी काहीच जाणवत नाही.

मग डायलायझेटमधलंच पोटॅशियम अगदी कमी करून भराभर खेचून का घेऊ नये? कारण पातळी झपाट्यानं उतरली तरी हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून सहसा लिटरमागे 2 किंवा 3 मिलिमोल पोटॅशियम असलेलं द्रावण वापरतात, आणि तेही रुग्णाचे रिपोर्ट बघून.

आहारात केळ्याची बदनामी जरा जास्तच झाली आहे. बटाटा, टोमॅटो, फळांचा रस यांच्याकडे तितकं लक्ष जात नाही. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, तर त्यातलं पोटॅशियम बरंच कमी होतं. खरा धोका ‘लो सोडियम’ मिठाचा, कारण त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं. जेवण टाळणं हाही उपाय नाही : उपाशीपोटी इन्सुलिन घटतं आणि पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं. एवढं सांभाळूनही आकडा चढाच राहिला, तर आतड्यातच पोटॅशियम बांधून ठेवणारी औषधं डॉक्टर देतात.

डायलिसिसची पाळी चुकली आणि हातापायांतला जोर गेल्यासारखं वाटलं, तर पुढच्या पाळीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं, आणि दारातच सांगायचं : डायलिसिसचा पेशंट आहे, आधी ईसीजी काढा.