बालवाडीतले हातकाम आणि मोठ्यांची घाई

सेविकाताईंनो, आणि मुद्दाम वेळ काढून आलेल्या पालकांनो,

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातकामाचा विचार महाराष्ट्रात करायचा, तर तो बोर्डीपासून करणे मला योग्य वाटते. गुजरातमधील भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यात त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरात सापडणाऱ्या वस्तूच त्यांनी साधने म्हणून वापरल्या. ही काटकसर होतीच, परंतु माझ्या मते मुलांच्या दृष्टीने तिचा लाभ पैशांपेक्षा मोठा होता. दुकानातले मणी एकसारखे असतात, तर वेचून आणलेले शिंपले मांडताना लहान कोणता, खरबरीत कोणता, कडेला कोणता शोभेल, हे मुलाला स्वतः ठरवावे लागते.

साहित्याइतकाच महत्त्वाचा आहे कामाचा क्रम. लहान मुलाचा हात आधी खांद्यातून हलतो, नंतर मनगटातून, आणि बोटांची नेमकी हालचाल सर्वांत शेवटी साधते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलापुढे वहीचे छोटे पान आणि बारीक पेन्सिल ठेवण्याऐवजी फरशी, जाड खडू किंवा जुन्या वर्तमानपत्राचा मोठा कागद द्यावा. कागदकामातही चुरगळणे आणि फाडणे आधी, बोथट टोकाची कात्री नंतर. छापील चित्रात रंग भरण्याचा सराव मात्र आपण फार लवकर आणि फार वेळ करून घेतो, कारण त्या वेळात वर्ग शांत राहतो. हे कारण आपल्या सोयीचे आहे, मुलाच्या नव्हे.

मातीकामाविषयी थोडे सविस्तर बोलतो. चाळून, भिजवून, मळून ठेवलेली काळी माती किंवा शाडू मुलांना दिला, की पहिले काही दिवस ती काहीही ‘बनवत’ नाहीत. थापटतात, बोटे खुपसतात, लांबट वळ्या करतात आणि पुन्हा गोळा करतात. हे दिवस वाया गेले असे समजून आपण लगेच ‘चला, आता लाडू करा’ म्हणतो. खरे म्हणजे किती पाण्याने माती चिकट होते, किती दाबल्यावर वळी तुटते, याचा अंदाज मूल याच काळात घेत असते. पुढे पोळ्याला त्याने केलेल्या बैलाचे पाय वजनाने बसले, तर ते जाड कसे करायचे हे त्याला आपोआप सुचू लागते, आणि नाही सुचले तर बसलेला बैल त्याला चालतो. आपल्याला तो चालत नाही, ही अडचण आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ओळीने मांडलेले तीस एकसारखे ससे दिसले, की कापूस कोणी चिकटवला हे वेगळे विचारावे लागत नाही.

सावधगिरीचे मुद्दे थोडे आहेत, पण टाळता येण्याजोगे नाहीत. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर असल्या तरी विषारी आहेत. त्या वर्गात आणूच नयेत. चिकटकामाला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. ती टिकावी म्हणून काही जण मोरचूद घालतात, ते मुलांच्या खळीत कदापि नको. ठसेकामाला कापलेली भेंडी आणि बटाटा, रंगाला हळद, गेरू एवढ्यावर पुष्कळ काम होते. अगदी लहान भावंडे सोबत येत असतील, तर मणी आणि चिंचोके त्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.

राहिला प्रश्न पालकांना काय दाखवायचे याचा. प्रत्येक मुलाचे महिन्यातले एखादे काम, जसे झाले तसे, निवडून ठेवावे. मागे तारीख घालावी आणि काम करताना मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, घरची बोली असेल तर त्या बोलीत, टिपून ठेवावे. वर्षाअखेरच्या पालकसभेत हे कागद क्रमाने मांडले, तर नुसत्या रेघोट्यांचा गोल कधी झाला आणि त्या गोलाला हातपाय कधी फुटले, हे पालकांना स्वतःच पाहता येईल.